पाणभिंगरीचं सोंग

माणूस समोर आला की कोणी त्याचे कपडे बघतं, कोणी बूट बघतं, कोणी त्याच्या खिशाचा अंदाज घेतं. कवळीवाला दात बघायचा. त्याचा धंदाच तो. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्याचं टेबल होतं. त्यावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, घासायचं छोटं यंत्र, आणि मागच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्या टेबलावर तयार झालं होतं. ‘हा एकाच बाजूने चावतो, हट्टी असणार,’ किंवा ‘हिने एक दाढ काढायला वर्ष घालवलं, हिला काय संसार जमणार,’ असा त्याचा मनुष्यस्वभावाचा एकूण अभ्यास होता आणि त्यावर त्याचा गाढ विश्वास होता.

म्हणून दुर्बीणवाला पहिल्या नजरेतच त्याच्या डोक्यात गेला. साठीला टेकलेला माणूस, गळ्यात दुर्बीण, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, सरळ रांगेत, पांढरेशुभ्र! बाजारात रस्त्याच्या पलीकडून त्याने हात हलवला, तोंड भरून हसला, आणि इकडे कवळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. देवाने ज्याला या वयात असे दात दिले त्याने निदान हसू तरी नये, इतकी साधी माणुसकी असावी की नाही?

पण खरं सांगायचं तर दात हे निमित्त होतं. त्या हसण्याच्या उत्तरादाखल कवळीवाल्याच्या शेजारी उभी असलेली त्याची बायकोही हसली होती. दुखणं ते होतं.

बायको पंपघरात कामाला होती. गावाला पाणी चढवणारे तीन अजस्र पंप तिच्या ताब्यात होते. कुठला आवाज बदलला, कुठला दट्ट्या कुरकुरतोय, हे ती खुर्चीत बसून डोळे मिटून सांगायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण तिचा क्रम कधी चुकला नव्हता. कामाची पाळी संपली की सरळ घरी. कवळीवाला खिडकीतून कोपऱ्याकडे बघत बसायचा, ती वळली की यंत्र बंद करायचा आणि चहाचं आधण ठेवायचा. यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नाही. आपल्याला जे रोज मिळतं ते आपल्या हक्काचंच आहे, असं कुठल्याही नवऱ्याला वाटतं तसं त्यालाही वाटायचं.

मग या उन्हाळ्यात नदी खाली गेली, पंपघरामागे गोट्यांचा लांबच लांब पट्टा उघडा पडला, आणि त्यावर ती पाखरं उतरली.

दुर्बीणवाला पंपघराच्याच प्रयोगशाळेत पाणी तपासायचा. पाखरं पहिल्यांदा त्याने पाहिली. त्याने पट्ट्याच्या कडेने दोरी बांधली, कुत्री आणि पोरं आत जाऊ नयेत म्हणून संध्याकाळी कोणीतरी पहारा द्यावा असं ठरवलं, आणि कोण थांबेल म्हणून विचारलं. सगळे आपापले डबे आवरायला लागले. हात वर केला तो एकटीने, कवळीवाल्याच्या बायकोने.

“अहो, पाणभिंगरी म्हणतात तिला,” पहिल्याच रात्री जेवताना ती सांगायला लागली. तिच्या डोळ्यांत असं काही तेज होतं, जे ती पंपाबद्दल बोलतानाही कवळीवाल्याने पाहिलं नव्हतं, त्याच्याबद्दल तर सोडाच. “जात टिटवीची, पाण्याकाठची. पण उडते अगदी पाकोळीसारखी! सगळी मिळून पाण्यावर झेपावतात आणि हवेतल्या हवेत किडे गट्ट करतात. चोच एवढीशी, पण तोंड उघडलं की पार गालापर्यंत. ते म्हणाले, काठावरची बाकीची पाखरं चिखलात चोची खुपसून जेवतात. हिचं सगळं जेवण उडता उडता.”

“कोण म्हणाले?”

“ते हो. प्रयोगशाळेतले. दुर्बीणवाले.”

झालं. त्या दिवसापासून घरात ‘ते म्हणाले’ राहायला आले. सकाळी चहाबरोबर ‘ते म्हणाले’, रात्री अंथरुणावर पडतानाही ‘ते म्हणाले’. ती जे काही आणायची, वारा, पाणी, पंख, ठिपक्यांची अंडी, ते सगळं त्या दोन शब्दांच्या तबकात घालून आणायची. कवळीवाल्याचं असं व्हायचं की ते दोन शब्द कानावर पडले की पुढचं सगळं ऐकूच यायचं नाही. मान तेवढी डोलायची. डोक्यात मात्र ते पांढरेशुभ्र दात एकामागून एक चमकत राहायचे.

“घरटं म्हणजे काहीच नसतं हो,” ती एकदा सांगत होती. “गोट्यांतच अंडी. गोट्यांसारखीच दिसतात. पायाखाली आली तरी कळायची नाहीत. म्हणून कोणी जवळ गेलं की ती काय करते माहीत आहे? पंख मोडल्यासारखा पाडते आणि लंगडत, फरफटत पुढे जाते. आपल्याला वाटतं, बिचारी जखमी आहे. आपण तिच्यामागे जातो. पुरेसे लांब गेलो की भुर्रकन उडून जाते! अंडी राहिली मागे, सुखरूप.”

“म्हणजे लबाडच की,” कवळीवाला म्हणाला.

“लबाड कसली? ते म्हणाले, अशा वेळी आपण शहाण्यासारखं फसायचं. ती नेईल तिकडे निमूट जायचं. फसलो की...”

पण ‘ते म्हणाले’ आलं होतं. कवळीवाल्याचे कान मिटले. त्याच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की पाखरू लबाड आहे आणि शहाण्याने त्याच्यामागे जाऊ नये.

आणखी एका रात्री ती हात धुता धुता आतून धावतच आली होती. “अहो, तुमच्या कामाची गोष्ट! पिल्लाला दात असतो!” ती म्हणाली. “अंड्यातल्या पिल्लाला. चोचीच्या टोकावर एकच, पांढरा, राईएवढा. त्याने ते आतून कवच फोडतं, आणि बाहेर आलं की तो गळून पडतो. मी म्हटलं, हे आमच्या घरी सांगितलंच पाहिजे. ते म्हणाले...”

कवळीवाल्याने यंत्र सुरू केलं. घर्र आवाजात तिचं पुढचं बोलणं बुडालं. ती थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग आत गेली. त्या यंत्राखाली त्या वेळी काहीच नव्हतं.

आगीत तेल ओतायला त्याची मोठी बहीण होतीच. आक्का दोन घरं सोडून राहायची आणि दुपारच्या चहाला यायची ती बातम्या घेऊनच. “नवरा घरात कवळ्या घासतोय आणि ही बाई नदीवर पाखरं राखतेय,” ती बशीत चहा ओतत म्हणाली. “मी काही बोलत नाही हं. मला काय करायचंय! पण अरे, पाखरं उडून गेली तर पुढच्या वर्षी परत येतात. माणूस उडालं की उडालं.”

“तसं काही नाही आक्का.”

“नसेलच. नसू दे. दोघंच असतात म्हणे तिथे?”

कवळीवाल्याच्या हातातलं मेण वितळून टेबलावर सांडलं. त्याने आयुष्यात कधी मेण सांडलं नव्हतं.

त्याने मग मनातल्या मनात स्वतःला शेजारी उभं करून पाहिलं. दुर्बीणवाला उंच, हा मध्यम. दुर्बीणवाल्याचे केस पिकलेले पण भरगच्च, याच्या डोक्याचा मामला कधीच निकालात निघालेला. त्याला आकाश कळतं, पाणी कळतं, पाखरांच्या जाती कळतात. याला काय कळतं? हिरडीचा रंग. शिवाय तो विधुर माणूस, कोणाला जाब द्यायचा नाही. आणि वर ते दात. संशय एकदा घरात शिरला की त्याला खायला-प्यायला घालावं लागत नाही. तो आपलं आपण कमावून खातो.

गुडघ्याचं मात्र सुरुवातीला खरं होतं. एका संध्याकाळी फळीवरचा साचा काढताना कवळीवाल्याच्या डाव्या गुडघ्यात कळ आली. त्याने सहज पंपघरात फोन केला, आणि आश्चर्य म्हणजे बायको पहाऱ्यावरून उठून सरळ घरी आली. तिने गरम पाण्याची पिशवी भरली, गुडघ्यावर ठेवली, जवळ बसली. खिडकीबाहेर अजून उजेड होता. त्या उजेडात तिकडे पाखरं उडत असतील, दुर्बीणवाला एकटा उभा असेल, आणि ही इथे आहे, या विचाराने कवळीवाल्याला इतकं सुख झालं की कळ कधी गेली हे त्याला कळलंच नाही.

मग कळ परत आली. येणारच. ज्या संध्याकाळी मन फार जळायचं त्या संध्याकाळी गुडघा हमखास दुखायचा. फोन केला की ती यायची. एकदाही तिने ‘आत्ता नको’ म्हटलं नाही. पिशवी भरून आणायची आणि विचारायची, “आज कोणता?”

“हाच की. नेहमीचा,” असं म्हणून एके दिवशी त्याने उजवा पुढे केला. पिशवी ठेवता ठेवता तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने उजव्यावर ठेवली. कवळीवाला मनात म्हणाला, बायका भोळ्याच असतात.

ज्या दिवशी हे सगळं घडलं त्या दिवशी आक्का दुपारी जरा जास्तच वेळ बसली होती. ती गेल्यावर कवळीवाल्याने फोन उचलला. आवाजात पुरेसं कण्हणं आणलं. “अगं, गुडघा आज फारच... उठवतसुद्धा नाही.”

पलीकडे पंपांची घरघर होती. ती म्हणाली, “आज नाही जमणार हो. आज-उद्यात अंडी फुटायची आहेत. कान लावला तर आतून टकटक ऐकू येते, ते म्हणाले. आज मला तिथे असायचंय. पिशवी ओट्यावर आहे, तेवढी घ्या ना.”

फोन ठेवल्यावर कवळीवाला जागच्या जागी बसून राहिला. ‘जमणार नाही.’ इतक्या वर्षांत हे वाक्य या घरात आलं नव्हतं. अंडी महत्त्वाची, नवरा नाही. आणि अंडी तरी कोणाची? त्यांची! त्याने चप्पल पायात सरकवली, दार ओढून घेतलं आणि तो निघाला. ज्या गुडघ्यावर उठवत नव्हतं त्याच गुडघ्यावर तो इतका भराभर चालला की कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात धरून बघत राहिला.

पंपघराच्या मागच्या बाजूने एक पायवाट झुडपांतून नदीकडे उतरते. तो फाटकाकडे गेलाच नाही. रंगेहाथ पकडायचं तर पुढच्या दाराने जाऊन कसं चालेल? झुडपं संपली तिथे तो वाकला आणि त्याने डोळे बारीक करून पाहिलं.

ऊन उतरलं होतं. पाण्यावर पाखरांचा थवा घिरट्या घालत होता. वर जाऊन एकदम खाली, वळून पुन्हा वर, आणि पंखांखालचं काळं-पांढरं क्षणभर उघडं पडून मिटायचं. दुसऱ्या कोणाला ते सुंदर वाटलं असतं. कवळीवाला पट्ट्यावर लांबवर बघत होता. तिथे ती दोघं होती. लांबून नीट दिसत नव्हतं. किती अंतरावर उभी आहेत? जवळ आहेत की एकामागे एक असल्याने तशी भासताहेत? ती हसली का आत्ता? त्याने दोरी उचलली, तिच्याखालून आत शिरला आणि गोट्यांवरून वाकून पुढे सरकायला लागला. पायांखाली काय आहे हे बघायला त्याच्याकडे डोळेच शिल्लक नव्हते.

अचानक त्याच्या पुढ्यात, अगदी हातभर अंतरावर, एक पाखरू धडपडलं. गोट्यांच्याच रंगाचं. त्याने एक पंख जमिनीवर पाडला, अंग एका बाजूला टाकलं आणि चिरक्या आवाजात ओरडत ते फरफटत पुढे जायला लागलं. थांबायचं, मागे वळून बघायचं, पुन्हा लंगडायचं.

कवळीवाला छद्मी हसला. हे त्याला माहीत होतं. लबाड पाखरू! शहाण्याने त्याच्यामागे जाऊ नये. मला फसवतेस काय, असं मनाशी म्हणून त्याने तिच्याकडे पाठ केली आणि बरोबर उलट दिशेला ऐटीत पाऊल टाकलं.

पायाखाली काहीतरी फुटलं. आवाज फार लहान होता.

तो खाली बसला. तीन होती. एक गोट्याच्या आड राहून वाचलं होतं. दोन सपाट झाली होती, आणि एका फुटक्या कवचातून ओल्या पिसांचा एक गोळा बाहेर आला होता. त्याचं तोंड उघडं होतं. एवढंसं तोंड, पण उघडलेलं पार गालापर्यंत. आणि चोचीच्या टोकावर एक दात होता. पांढरा. राईएवढा.

ज्याचं आयुष्य लोकांच्या तोंडात बघण्यात गेलं तो माणूस त्या तोंडाकडे बघत राहिला. यंत्राच्या घर्र आवाजामागे दारात उभी राहिलेली बायको त्याला दिसली. ‘तुमच्या कामाची गोष्ट,’ असं म्हणाली होती ती. दुर्बीणवाल्याकडून मिळालेलं, पण खास त्याच्यासाठी धावत आणलेलं.

मग त्याला भीती वाटली, आणि भीतीने माणसाची अक्कल जाते तशी त्याची गेली. तो उठला आणि तिथून लांब जायचं म्हणून धावायला गेला. गोटा कलंडला, पाय वाकडा पडला आणि घोट्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मान वर केली तर बायको आणि दुर्बीणवाला पट्ट्यावरून त्याच्याचकडे येत होते.

आता तो थांबला असता तर ती दोघं थेट तिथवर आली असती. म्हणून तो निघाला. एक पाय ओढत, एक हात हवेत हलवत, “अगं आई गं! पाय मुरगळला!” असं ओरडत, लंगडत, फरफटत, त्या जागेपासून लांब, त्यांना आडवा होत.

बायको थांबली. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो “इकडे, इकडे, जरा धर मला,” असं म्हणत नदीकडे हात करत होता. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. ज्या दिशेने तो आला होता तिकडे. इतके दिवस तिने दुसरं केलं काय होतं? पाखरू लंगडायला लागलं की अंडी कुठे आहेत हे तिला एव्हाना न बघता कळत होतं.

ती त्याच्या बाजूने पुढे निघून गेली. पाऊल बघून, बघून टाकत. मग ती एका जागी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. डोक्यावर ते पाखरू ओरडत घिरट्या घालत होतं. बसायचं, पंख पाडायचं, आणि कोणी मागे येत नाही हे बघून पुन्हा उडायचं.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

“खरंच मुरगळलाय गं,” कवळीवाला म्हणाला. “या वेळी खरंच.”

“असेल,” ती म्हणाली.

रागाने नाही. दारावरच्या शिपायाला ‘साहेब आत आहेत का’ विचारलं तर तो जसा ‘असतील’ म्हणतो, तसं. मग ती दुर्बीणवाल्याकडे वळली. “यांना तेवढं घरी पोचवता का? एक शाबूत आहे. कावळे बघताहेत. अंधार पडेपर्यंत मी थांबते.”

अशा रीतीने बायकोला दुर्बीणवाल्यापासून सोडवून घरी न्यायला गेलेला कवळीवाला दुर्बीणवाल्याच्याच गळ्यात हात टाकून घरी निघाला. आक्काने दारातून पाहिलं आणि बोटं तोंडात घातली.

दुर्बीणवाला भला माणूस होता, हीच त्यातली मोठी पंचाईत. तो उंच होता म्हणून वाकून चालत होता आणि दर चार पावलांनी “सावकाश, सावकाश” म्हणत होता. धापेने त्याचं तोंड उघडं पडलं होतं, आणि कवळीवाल्याचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. एका चढावर ‘सावकाश’मधला ‘स’ शिटी वाजवून बाहेर पडला. वरच्या रांगेने खाली घसरून टक् केलं. कवळीवाल्याने निरखून पाहिलं. कवळी! वरची पूर्ण, खालची पूर्ण, आणि तीही कोणा अडाण्याने केलेली, मागून ढिली. रस्त्यापलीकडून दोन-तीनदा पाहून त्याने त्या दातांवर आपल्या रात्री जाळल्या होत्या. आपल्या धंद्यातली एवढी मोठी चूक त्याने पूर्वी कधी केली नव्हती.

“वहिनी केव्हाच्या सांगताहेत, तुमच्याकडून नीट करून घ्या म्हणून,” दुर्बीणवाला ओशाळून म्हणाला. “म्हणतात, त्यांच्यासारखा हात गावात नाही. पण मलाच धीर होत नव्हता. तुम्ही दिसाल तेव्हा माझ्या तोंडाकडे असे बघायचात, की वाटायचं, यांनी ओळखलंय आणि मनात हसताहेत.”

कवळीवाल्याने घाईघाईने नजर खाली घेतली. “तुम्ही... गप्पा मारता का हो तिथे?” त्याने शेवटी विचारलं.

“गप्पा? छे! त्या वरच्या टोकाला, मी खालच्या. बोललं की पाखरं उठतात. काय सांगायचं ते पंपघरात, चहाच्या वेळी.” मग तो थोडं हसला. “एकदा मात्र बोलल्या होत्या. तुमचा फोन आला होता तेव्हा. म्हणाल्या, ‘आमच्याकडेही एक पाणभिंगरी आहे. गुडघा कधी डावा असतो, कधी उजवा.’ मी म्हटलं, अहो, मग कळतंय तर जाता कशाला? तर म्हणाल्या, ‘नेतात तिकडे निमूट जायचं. आपल्याला घरी न्यायला कोणी एवढं सोंग करतंय, तर फसायला काय जातं?’”

दुर्बीणवाला हे गंमत म्हणून सांगत होता. पुढचा सबंध रस्ता कवळीवाला आपल्या लंगडणाऱ्या पायाकडे बघत चालला.

घरी तो दिवा न लावता टेबलाशी बसला. घोटा सुजून चपलेत मावेना. त्याला अजूनही हेवाच वाटत होता, फक्त आता दुर्बीणवाल्याचा नाही. त्या पाखराचा. सोंग दोघांनीही केलं होतं. पाखराच्या सोंगामागे निदान तीन अंडी होती. याच्या सोंगामागे काय होतं? आणि जे खरोखर होतं, ती रोज येऊन जवळ बसणारी, सगळं समजून पिशवी भरणारी बाई, तिला तर त्याने कधीच भोळ्यात काढलं होतं.

अंधार पडल्यावर ती आली. तिने दिवा लावला, पुरचुंडी त्याच्या टेबलावर मेणाच्या पट्ट्यांशेजारी ठेवली आणि हलकेच सोडली.

“टरफलं तिथे ठेवून चालत नाही. वासाने कावळे येतात,” ती म्हणाली. मग तिने बोटाने ती एवढीशी चोच दिव्याकडे वळवली. “आणि हा तो दात. मागे सांगत होते ना तुम्हाला, तो.”

त्याने भिंग उचललं. ते चोचीवर धरलं. त्याने पाहिलं. ती तोवर शेजारी उभी राहिली.

“तिसरं?” त्याने विचारलं. त्या पाखरांबद्दल त्याने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

“बसलीय ती त्यावर. मी निघेपर्यंत आत टकटक होती. बघू.”

ती आत गेली. पातेल्याचा आवाज आला, पाणी उकळल्याचा आवाज आला. इतक्या संध्याकाळी त्याने हे आवाज चोरून मिळवले होते, आणि आज त्यांतला एकही त्याला ऐकवेना. ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“आज कोणता?”

कवळीवाल्याने सुजलेला पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला. घोट्यातून कळ थेट डोक्यात गेली. त्याने दात आवळले.

“कोणताच नाही,” तो म्हणाला. “बरा आहे मी. उद्या तू जा. उशिरापर्यंत थांब.”

तिने खुर्चीखाली पाहिलं. चप्पल बाहेर पडली होती आणि सूज दिव्याच्या उजेडात लख्ख दिसत होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग इतके दिवस ती जे करत आली होती तेच तिने केलं. ती फसली.

“बरं,” ती म्हणाली आणि पिशवी आत घेऊन गेली.